शोकसभेत आभार मानत नाहीत

नंदाताई,

तेरवीच्या दिवशी धनजकडचे एक म्हातारे गृहस्थ आले होते, मामांच्या जुन्या ओळखीतले. जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता त्यांनी मला विचारलं, "बाई कोन्त्या सोसायटीत होत्या म्हने?" मी सवयीनं म्हणालो, सिव्हिल सोसायटीत. त्यांनी मान डोलावली. "मंग बराबर. सिव्हिलमधीच गेल्या, आपल्या मानसाइत." मला हसू आलं, ताई. तुझ्या तेरवीला. तोंडावर रुमाल दाबून मी विहिरीकडे गेलो, तर मागून बायका म्हणाल्या, त्याले लय लागलं, जाऊ द्या त्याले. विहिरीपाशी पोचल्यावर रडूही आलं. त्यातलं कोणतं खरं होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि हे ज्या एका माणसाला सांगायचं, तीच तू.

हा घोळ तुझ्या आईनं, आमच्या मामीनं घातलेला. तू ब्रुसेल्सला नोकरीला लागलीस तेव्हा फोनवर तिला समजावून सांगितलं होतंस की मी सिव्हिल सोसायटीचं काम करते. आता आपल्याकडे सिव्हिल म्हणजे वाशीमचा सरकारी दवाखाना, आणि सोसायटी म्हणजे खताची, पीककर्जाची, गावची सोसायटी. मामीनं दोन्ही जोडून टाकलं आणि मालेगावच्या बाजारात वांगी विकता विकता सगळ्यांना सांगितलं की पोरगी सिव्हिलच्या सोसायटीत आहे, परदेशात. मग तू हिवाळ्यात घरी आलीस की कुणी एक्स-रे घेऊन यायचं, कुणी कर्जाचे कागद. तू अंगणात बाजेवर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचीस. तिथं बाहुल्यांचे खेळ करणारे असतात, गावातलं लहानसं वाचनालय चालवणारे असतात, गाणारे, नाचणारे असतात. एकटे गेले तर त्यांना सरकार दारात उभं करत नाही. म्हणून देशोदेशीच्या असल्या लहान मंडळींनी मिळून एक मोठी संस्था केली आहे, आणि त्यांच्या वतीनं सरकारांशी बोलायचं हे माझं काम. समोरचा सगळं ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "मंग सरकार आयकते का?" तू माझ्याकडे बोट करायचीस. "त्याले विचारा. सरकार थे बसलं."

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी. तुझ्या लेखी एवढं पुरेसं होतं. आतेभाऊ, लहानपणी तुझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत जाणारा, हे सगळं बाजूला राहिलं आणि माझं नाव सरकार पडलं. इतकी वर्षं तिकडं राहून तुझी वऱ्हाडी माझ्यापेक्षा ठसकेबाज होती. फोन उचलला की नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काय म्हनते सरकार?" सरकार काही म्हणायच्या आत तूच बोलायला लागायचीस.

एकदा तू मला तिथल्या बैठकीचं वर्णन करून सांगितलंस. गोल टेबल, कानाला हेडफोन, काचेमागं बसलेले दुभाषे, एका बाजूला देशोदेशीच्या संस्कृती खात्यांची माणसं आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. तुम्हाला बोलायला थोडासा वेळ. मग मुख्य अधिकारी उठतो आणि म्हणतो, आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे. मी इतका हसलो की बाजेवरून खाली पडायचाच राहिलो. म्हटलं, ताई, हे वाक्य आमचं आहे. हे तिकडं कुणी नेलं? तू मात्र चिडलीस. म्हणालीस, फरक आहे. तिथं संस्कृती हा ज्या त्या देशाचा घरचा मामला, वरचं सरकार त्यात हुकूम सोडू शकत नाही, फक्त मदत करू शकतं, चार जणांना एकत्र बसवू शकतं. म्हणून तिथं बोलण्याला किंमत आहे, कारण बोलण्यापलीकडे त्यांच्या हातात फार काही नाही. आणि आमचं भांडण एवढंच आहे की ठरवून झाल्यावर विचारू नका, विचारून मग ठरवा. मी म्हणालो, आम्ही दोन्ही करत नाही, त्यामुळे आमच्याकडे भांडण नाही. तू शेंगांची टरफलं माझ्या अंगावर फेकलीस.

त्याच दुपारी मी तो प्रश्न विचारला. मुद्दाम नाही, हरत आलो होतो म्हणून. ज्याच्याकडून अनुदान घेता त्याच्याशीच भांडता, हे बोलून झालं होतं, त्यावर तुझं उत्तरही तयार होतं. मग मी म्हणालो, "सरकारले तरी लोक निवडून देतात. तुले कोनं निवडून देल्लं?" तू गप्प झालीस. तू गप्प झालीस हीच एवढी मोठी गोष्ट होती की मला जिंकल्याचा आनंदसुद्धा झाला नाही. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी तुझा फोन आला, तुझा प्रश्न मी आमच्या बैठकीत विचारला म्हणून. मी विचारलं, मग काय झालं? तू म्हणालीस, गोंधळ झाला. आणि विषय बदललास. काय गोंधळ, कुणी काय उत्तर दिलं, तुला स्वतःला काय वाटलं, हे मी विचारायला पाहिजे होतं. घाई काय आहे, पुढच्या हिवाळ्यात विचारू, असं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात तू तुझ्या कामावरच्या एका पाहुणीला घेऊन आलीस. तिला इथले कलाकार, इथली नागरी मंडळी कशी चालतात ते बघायचं होतं. शेलूबाजारकडच्या किसनभाऊंची दंडार तुझ्या डोक्यात होती. त्यांची ढोलकी, टाळ, पातळ नेसून नाचणारे गडी, ते सगळं तू लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून पाहिलेलं. तू किसनभाऊंना निरोप धाडलास की पाहुण्यांना तुमच्याकडच्या सिव्हिल सोसायटीला भेटायचं आहे. हार-तुरे नकोत, शाल-श्रीफळ नको, नुसतं बसून बोलायचं, आणि शेवटी आभार माझा भाऊ मानील. हा तुझा ठरलेला नेम होता. तुझ्या इथल्या प्रत्येक कार्यक्रमात आभार माझ्याकडे. सरकारनं लोकांचे एवढे तरी मानावेत, म्हणायचीस. आभार सुरू झाले की लोक चपला शोधायला लागतात, तेव्हा माझं भाषण आजवर कुणी ऐकलेलं नाही.

आपण जीपमधून उतरलो तर समोर दंडारीचं एकही माणूस नाही. सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे घालून सोसायटीचे अध्यक्ष, सचिव, झाडून सगळे संचालक. किसनभाऊ लांब लिंबाखाली उभे. त्यांनी निरोप चोख पोचवला होता, सोसायटीला. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात अध्यक्षांनी बोलायला सुरुवात केली. खत वेळेवर येत नाही इथपासून गोडाऊनच्या पत्र्यांपर्यंत. तू भाषांतर करत होतीस. काय करत होतीस देव जाणे, पण ती पाहुणी भराभर लिहून घेत होती. मधेच तिनं विचारलं, तुम्ही कुणाच्या वतीनं बोलता? अध्यक्ष ताठ झाले. "आमी निवडून आलेलो आवोत, बाई. मतदान झालं आमचं, बिनविरोध नाही." माझ्या प्रश्नाचं उत्तर असं चालत आलं आणि ते चुकीच्या माणसाकडून आलं. पाहुणी खूश. आणि मग, कसं कोण जाणे, दंडारीचा विषय निघाला, आणि अध्यक्षांनी भर सभेत सांगून टाकलं की खताचा हंगाम नसला की गोडाऊन रिकामंच असते, किसनभाऊनं तिथं सराव कराव. किसनभाऊ लिंबाखालून सतरंजीवर आले. मी आभार मानले. लोकांनी चपला शोधल्या.

परतीच्या वाटेवर तू एक अक्षर बोलली नाहीस. मालेगावचा फाटा आला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, गैरसमजानं का होईना, काम झालं. तू म्हणालीस, "काम झालं म्हणजे बोलनं झालं असं नाही, सरकार." मग खिडकीकडे तोंड करून बसलीस. तुझे खांदे हलत होते. तू हसत होतीस की रडत होतीस? पाहुणी पुढच्या सीटवर होती, मी तुझ्या बाजूला, आणि मला वाकून बघायची लाज वाटली. आता वाटतं वाकायला पाहिजे होतं. सगळ्या जगात आता ते कुणालाच माहीत नाही.

घरी आल्यावर मात्र तू तोंड उघडलंस, आणि ते माझ्यावर. आमच्या ऑफिसच्या मागं सांस्कृतिक भवन आहे, चांगलं पक्कं, स्टेज असलेलं, आणि बांधल्यापासून बहुतेक काळ कुलूपबंद. कधी त्यात निवडणुकीचं सामान, कधी जुनी कपाटं. हॉल कुणाच्या ताब्यात, यावर दोन ऑफिसांत पत्रव्यवहार चालू आहे आणि तो माझ्या नोकरीआधीपासूनचा आहे. तू म्हणालीस, सोसायटीनं गोडाऊन दिलं, लोकांचं भागलं, आणि तू सुटलास. आता हॉल कायले बंद आहे हे तुला कुणी विचारणार नाही. तिथंही हेच होतं. आम्ही आमची सोय आपली आपण लावतो आणि सरकार म्हणतं, बघा, यांचं आमच्याशिवाय किती छान चाललंय. मी म्हणालो, मग काय सोय लावूच नये? दंडार उघड्यावर ठेवायची? त्यावर तू उठून आत गेलीस. पण त्यानंतर दर फोनला "काय म्हनते सरकार?"च्या पाठोपाठ दुसरा प्रश्न यायला लागला. हॉलचं काय झालं?

सिव्हिलमध्येही पहिला प्रश्न तोच. या खेपेला घरी आलेली असताना साधा ताप म्हणून तुला नेलं होतं, मग डॉक्टर हृदयाबद्दल बोलायला लागले. त्यांनी त्यांच्याकडून सगळं केलं. मी आत आलो तेव्हा तुझ्या नाकाला नळी होती, आणि तू नळीतूनच विचारलंस, हॉलचं काय झालं? मी म्हणालो, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. तू हसलीस, नर्सनं मला दटावलं. मग तू डोळे मिटून म्हणालीस, काही उपयोग नसतो रे, कितीही बोला. मी पार हादरलो. तू असं म्हणावंस? आणि मी काही म्हणायच्या आत, त्याच दमात, "पण तू एक बैठक घे. हॉलमधी." मी म्हणालो, ताई, एक काय ते ठरव. तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "त्या दिवशी सोसायटीवाल्याइत जे झालं, ते खरं बोलनं होतं का रे?" मी विचार करत होतो. खरंच विचार करत होतो. नर्स म्हणाली, भेटीची वेळ संपली.

तेवढंच. मी दुसऱ्या दिवशीसाठी उत्तर जुळवून ठेवलं होतं. ते काय होतं तेही आता आठवत नाही.

तुझी बातमी पेपरात आली, आणि आमच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब नवीन आहेत, माणूस वाईट नाही. म्हणाले, तुमच्या ताई एवढ्या मोठ्या होत्या, शोकसभा घेतली पाहिजे, आणि ती आपल्या सांस्कृतिक भवनातच. चावी मागवली. शिपायानं कुलपात तेल सोडलं आणि ते उघडलं. इतकी वर्षं पत्रव्यवहारानं उघडलं नाही ते. मला कळेना की मी खूश व्हावं की दगड घेऊन काचा फोडाव्यात. तू असतीस तर काय केलं असतंस? पण तू असतीस तर ते उघडलंच नसतं. इथं येऊन माझं डोकं थांबतं.

सभा झाली. तुझा फोटो स्टेजवर, तिकडच्या त्या जाड कोटातला. मामी पहिल्या रांगेत. किसनभाऊ आणि त्यांचे दंडारवाले मागं जमिनीवर भिंतीला टेकून बसलेले, पुढं दोन-चार खुर्च्या रिकाम्या असूनही. साहेब चांगलं बोलले, तालुक्याचं भूषण वगैरे. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं झालं. आणि मग, ताई, माझी फजिती झाली. तुझा कार्यक्रम, हॉल भरलेला, शेवट आलेला, आणि माझे पाय आपोआप माइककडे चालायला लागले. मला कुणी बोलावलं नव्हतं. माइकसमोर उभं राहिल्यावर ध्यानात आलं की शोकसभेत आभार मानत नाहीत. कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी आभार मानत नाही, लोक गुपचूप उठून जातात. मी तिथं उभा, माइक चालू, मामी माझ्याकडे बघतेय. लोक अर्धे उठलेले, चपलांकडे निघालेले. मी म्हणालो, "शोकसभेत आभार मानत नाहीत." मग म्हणालो, "आभार झाल्याशिवाय सभा संपली असं मला म्हणता येत नाही. मले तेवढंच येते." खरंच तेवढंच येतं मला. आणि लोक, काय वाटलं त्यांना कोण जाणे, परत बसले. साहेबही बसले, कारण सगळे बसले.

मागून किसनभाऊ उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी. "साहेब, हा हॉल मानूस मेल्यावरच उघडाचा का?"

साहेब उठले आणि म्हणाले, आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. मी तुझ्या फोटोकडे बघायचं टाळलं. साहेबांनाही ते वाक्य बरं वाटलं नसावं, कारण ते लगेच म्हणाले, बरं, तुमची संस्था नोंदणीकृत आहे का? तुम्ही कुणाच्या वतीनं बोलता? तोच प्रश्न, ताई. माझाच. किसनभाऊ भिंतीपासून पुढं आले. "ज्याइले ज्याइले हे दार बंद भेटलं त्याइच्या," ते म्हणाले. मग त्यांनी गोडाऊनमध्ये खताच्या वासानं गाणाऱ्यांचे गळे बसतात आणि ढोलकी ओल धरते हे सांगितलं. एक बाई भजनी मंडळाचं बोलली. कुणीतरी भलताच विषय काढला, रस्त्याचा. साहेबांनी पत्रव्यवहाराची अडचण सांगितली, ती खरीच आहे. किसनभाऊ म्हणाले, आमाले पत्र नाही पायजे. ठरलं काही नाही. बराच वेळ ठरलं काही नाही आणि तरी कुणी उठलं नाही.

किसनभाऊ म्हणाले ते उत्तर होतं का? मला वाटलं होतं. घरी येईपर्यंत तसंच वाटत होतं. मग वाटलं, ज्यांना दार बंद भेटलं त्यांनी तरी किसनभाऊंना कुठं निवडून दिलंय. तू तुझ्या बैठकीत हेच म्हणाली होतीस का? आणि त्यावर गोंधळ झाला होता का? मी तुझ्याशी वाद घालायला बसतो आणि दोन्ही बाजूंनी मीच बोलतो, आणि तू जिंकतेस की मी, ते समजत नाही. पण एक सांगतो, उशिरा का होईना. तुझ्यामुळे मला हसणारं कुणीतरी होतं. ऑफिसात सगळे मला साहेब म्हणतात आणि त्यात काही मजा नाही. सरकार म्हणणारी तू एकटी होतीस. तू गेल्यावर मी नुसता नोकर राहिलो.

शिपायाला घरी जायची घाई होती, म्हणून हॉल बंद करायचं माझ्यावर आलं. मी दिवे घालवले, दार लोटलं, तुझा फोटो मामीकडे नेऊन दिला. सोमवारी ऑफिसात चावी जमा केली. बाबूनं विचारलं, हॉल लावला ना? मी म्हणालो, दार लावलं. ते खोटं नाही. संध्याकाळी गाडीची डिकी उघडली तर मेथीच्या जुडीखाली कुलूप. मी ते कधी काढलं, तिथं कधी ठेवलं, विसरलो की विसरलो नाही, खरंच सांगता येत नाही. चावी ऑफिसात आहे आणि कुलूप माझ्या डिकीत, आणि अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

काल हॉलवरून आलो. आत कुणीतरी ढोलकी तापवत होतं.

फोन वाजला की अजूनही वाटतं तूच असशील. काय म्हनते सरकार? सरकारले काई समजून नाही राह्यलं, ताई. दार नुसतं लोटलेलं आहे.